डॉ. रखमाबाई : दावा आणि आयुष्य

ग्रंथालयाच्या इतिहासात देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर येतात, अध्यक्षांची छायाचित्रे भिंतीवर लागतात; परंतु कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक घरी नेले आणि त्या पुस्तकाने पुढे त्याचे काय केले, याची नोंद देवघेवीच्या वहीत राहत नाही. शंभर वर्षांचा आढावा घेताना मला म्हणूनच एका वाचक मुलीची आठवण होते. ती आपल्या वाचनालयाची सभासद नव्हती. असणे शक्यही नव्हते. अकराव्या वर्षी लग्न झाले, शाळा सुटली आणि मग मुंबईच्या फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर तिने घरच्या घरी आपले शिक्षण चालू ठेवले. याच मुलीने पुढे तीन-चार वर्षे मुंबई उच्च न्यायालयाला, महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना आणि काही काळ इंग्लंडमधील सुशिक्षित समाजालाही विचार करावयास लावले. तिचे नाव रखमाबाई.

हा विषय निवडण्यास आणखी एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी महिला दिनाच्या कार्यक्रमात विद्यार्थिनींपुढे हे चरित्र मी हिंदीतून सांगितले. धार जिल्ह्याच्या पश्चिम भागातून, बाग, कुक्षी, डही या बाजूने, शिकावयास येणाऱ्या मुलींची संख्या आता बरीच आहे; पुष्कळजणींच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच मुलगी असते. दाव्याची हकीकत सांगून झाल्यावर बागकडील एका मुलीने सरळ प्रश्न केला, की अखेर ती बाई जिंकली की हरली? मी एका वाक्यात उत्तर देऊ शकलो नाही. ते का देता आले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना ही मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. एकाच वाक्यात मावणारा हा तपशील त्या काळी अपवादात्मक नव्हता. अपवादात्मक होते ते पुढचे. सुतार समाजातील या कुटुंबात विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे विधुर, नामांकित डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे सखाराम अर्जुन.

१८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहास मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. जयंतीबाईंनी नवे घर मांडण्यापूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मिळकत मुलीच्या नावे केली. लहानग्या रखमाबाई अशा रीतीने स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेल्या मुली झाल्या. या गोष्टीचे महत्त्व पुढे दाव्याच्या वेळी ध्यानात येते. नावाचाही एक उलगडा येथेच करून ठेवतो. कोणी त्यांना राऊत म्हणतात, कोणी सावे. एक सावत्र वडिलांच्या बाजूचे आडनाव, दुसरे जन्मदात्याच्या. न्यायालयाच्या दप्तरात त्या केवळ रखमाबाई आहेत, आणि मलाही ते पुरेसे वाटते.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले, वय एकोणीसच्या आसपास, परिस्थिती बेताची. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिकावे, चांगले निपजावे, अशी बोली होती. सखाराम अर्जुन वैद्यकशास्त्र जाणणारे. मुलगी वयात आल्यावर लगेच गर्भाधान उरकण्याची रूढी त्यांनी मानली नाही आणि मुलीला स्वतःच्या घरीच ठेवले. इकडे दादाजींचे शिक्षणात लक्ष लागले नाही. ते आपले मामा नारायण धर्माजी यांच्याकडे राहावयास गेले. प्रकृती खालावली, दीर्घ आजारपण आले. मामांच्या घरातील वातावरण कुलीन मुलीने राहावे असे नाही, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. दादाजींनी ते अर्थातच नाकारले. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर त्या घराचा निवाडा आपण करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की लग्नानंतरची अकरा वर्षे ही मुलगी पतीच्या घरी एक दिवसही नांदली नाही.

ही अकरा वर्षे तिने काय केले? ती वाचत होती. इंग्रजी शिकत होती. सखाराम अर्जुनांच्या घरी डॉक्टर, प्राध्यापक, सुधारक अशी मंडळी येत-जात. विष्णुशास्त्री पंडितांसारख्या विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यांचा संबंध होता. पण घरातील चर्चा कानांवर पडणे वेगळे आणि पुस्तक हातात धरून एकटीने विचार करणे वेगळे. मिशनच्या ग्रंथालयातून तिने नेमकी कोणती पुस्तके नेली हे आपल्याला कळते तर किती बरे झाले असते! वाचनालयाचा जुना माणूस म्हणून मला त्या वहीचा मोह सुटत नाही. वाचनाचा परिणाम मात्र १८८५ च्या जून महिन्यात साऱ्या मुंबईने पाहिला.

तत्पूर्वी दावा उभा राहिला होता. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवून पत्नीस आपल्याकडे पाठविण्याची मागणी केली. सखाराम अर्जुनांनीही वकिलांमार्फतच उत्तर दिले. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला आणि दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःप्रस्थापनेचा दावा लावला. पत्नी सबळ कारणाशिवाय सहवास नाकारीत आहे, तिला माझ्या घरी येण्याचा हुकूम व्हावा, असे या दाव्याचे स्वरूप असते.

या दाव्याची कुळकथा वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात पत्नीने पतीगृही राहावे असा उपदेश सापडेल, न राहिल्यास निंदा सापडेल, प्रायश्चित्त सापडेल. परंतु राजाच्या शिपायाने तिला पकडून तुरुंगात टाकावे अशी तरतूद हिंदू परंपरेत नव्हती. हा दावा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून जन्मला. तेथून तो इंग्रजी कायद्यात आणि इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आला. १८६७ साली एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे दावे हिंदुस्थानातील दिवाणी न्यायालयांत चालू शकतात असे ठरविले. दिवाणी व्यवहाराच्या संहितेने पुढे त्याला सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची जोड दिली. आणि योगायोग असा, की ज्या १८८४ साली दादाजींची नोटीस निघाली, त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या देशातील ही कैद रद्द केली. इंग्रज बाईस जी शिक्षा आता होऊ शकत नव्हती, ती मुंबईच्या बाईस इंग्रजी न्यायालय देऊ शकत होते. परंपरेच्या रक्षणाकरिता म्हणून ज्या हत्याराचा पुढे जयजयकार झाला, ते मुळात परंपरेचे नव्हतेच.

दावा सुनावणीस येण्यापूर्वीच, १६ एप्रिल १८८५ रोजी, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. वीस वर्षांच्या मुलीचा सर्वांत मोठा आधार गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २६ जून १८८५ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने बालविवाहावर पत्र प्रसिद्ध झाले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून वादाला तोंड फोडले होते. पण त्या वादात बोलत होते ते बहुतेक पुरुष. आता ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांच्यापैकीच एक बोलू लागली. शिकण्याची इच्छा असताना शाळेतून काढली गेलेली मुलगी, सासरच्या कामाखाली दबून जाणारी तिची बुद्धी, एका पत्नीमागून दुसरी करण्यास मोकळा असलेला पुरुष आणि त्याच समाजात मुंडण करून कोपऱ्यात बसविलेली विधवा, असे चित्र त्या पत्रात होते. दुसरे पत्र सक्तीच्या वैधव्याविषयी १९ सप्टेंबरला आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दादाजी विरुद्ध रखमाबाई या दाव्याचा निकाल दिला. पत्रे लिहिणारी स्त्री आणि प्रतिवादी स्त्री एकच, हे पुढे सर्वांना कळले.

रखमाबाईंच्या बाजूने ॲडव्होकेट जनरल लॅथम आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे होते. तेलंग म्हणजे संस्कृतचे पंडित, कायद्याचे गाढे अभ्यासक आणि पुढे स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. बचाव तीन मुद्द्यांवर उभा होता : पत्नीचे पालनपोषण करण्याची दादाजींची असमर्थता, त्यांचा आजार, आणि ज्यांच्या आश्रयाने ते राहत होते त्या मामांची वागणूक. पिन्ही यांना बचावाचा पुरावा ऐकण्याची आवश्यकताच वाटली नाही. अजाण वयात लग्न झालेल्या आणि पतीशी कधीच सहवास न केलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे क्रूरपणाचे होईल. तुटलेला सहवास पुन्हा जोडण्यासाठी हा दावा आहे, मुळात कधीच न जुळलेला सहवास सुरू करण्यासाठी नव्हे. आणि इंग्रजी पूर्वनिर्णय ज्ञानवयात संमतीने लग्न करणाऱ्यांचे असल्याने ते येथे लागू करता येत नाहीत, अशी त्यांची विचारसरणी होती. दावा फेटाळला गेला.

सुधारकांनी या निकालाचे स्वागत केले. सनातनी पत्रांनी न्यायमूर्तींवर झोड उठविली. हिंदूंच्या लग्नात वधूची संमती पाहण्याचा प्रघात नाही, मग तीच कसोटी लावली तर देशातील बहुतेक लग्ने निराधार ठरतील, हा त्यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या चुकीचा नव्हता. पिन्ही यांनी सहृदयतेने ज्या दोऱ्याला हात घातला होता तो ओढत गेल्यास सारे वस्त्रच उसवणार होते. विरोधकांना हे समर्थकांच्या आधी समजले.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरविला. सहवास पूर्वी घडला नव्हता एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे ठरवून गुणदोषांवर निर्णयासाठी त्यांनी प्रकरण परत पाठविले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, नपेक्षा सहा महिन्यांची कैद.

रखमाबाईंनी आपण तुरुंगात जाऊ, पण तिकडे जाणार नाही, असे कळविले.

त्यांच्या साऱ्या चरित्राचे वळण या नकारात आहे. त्या दिवसांची परिस्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. फॅरन यांच्या आदेशाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेली पहिली महाराष्ट्रीय डॉक्टर रुग्णसेवा सुरू करण्यापूर्वीच गेली. पतीच्या आग्रहाने शिकलेल्या आनंदीबाईंविषयी सर्व पक्षांना हळहळ होती. पतीस नाकारणाऱ्या रखमाबाईंच्या वाट्याला तशी सर्वमान्य सहानुभूती येणे शक्यच नव्हते. एका बाजूस मलबारी, तेलंग, आगरकर, परदेशात मॅक्स म्युल्लर. दुसऱ्या बाजूस सनातनी पत्रांबरोबरच बाळ गंगाधर टिळकांसारखा प्रखर बुद्धीचा माणूस. परकीय सरकारच्या कायद्याने हिंदू घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ नये, ही टिळकांची भूमिका राजकीय दृष्टीने समजण्यासारखी आहे. पण या प्रकरणी तिच्यात एक मोठी विसंगती राहिली. परकीय सरकारचा तुरुंग आधीच उंबरठ्याच्या आत आला होता आणि तो पतीने बोलाविला होता. त्यास मात्र हरकत घेतली गेली नाही. टिळक-आगरकर मतभेद या व अशा सामाजिक प्रश्नांवर वाढत गेले. १८८७ च्या अखेरीस आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची दखल घेतली. रखमाबाईंचे एक पत्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. दादाजींनीही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली आणि हा सारा खटाटोप पत्नीच्या माहेरच्यांनी मिळकतीसाठी चालविला आहे असा आरोप केला. दादाजींचा डोळाच मिळकतीवर आहे असे दुसरी बाजू म्हणत होती. जयंतीबाईंनी मुलीच्या नावे केलेली ती मिळकत अशी दोन्ही पक्षांच्या तोंडी आली. ती नसती तर दावा झाला नसता, असे काहीजणांना वाटते. मला उलटही वाटते : ती नसती, तर दावा लढविताच आला नसता. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, बॅरिस्टरांची फी जबर. गावोगावच्या ज्या मुलींना सासरी पाठविले जात होते त्यांच्या नावाने कोणी तेलंग उभे राहत नव्हते. न्यायालयाचे दार सर्वांना उघडे होते हे खरेच, पण आत जाऊन उभे राहण्यासाठी रखमाबाईंना मिळकत, सावत्र वडिलांची प्रतिष्ठा, इंग्रजी भाषा आणि मुंबई शहर एवढे सारे लागले. आणि इतके असूनही त्या हरल्या.

त्यांच्या साहाय्यासाठी संरक्षण समिती स्थापन झाली, वर्गण्या जमल्या. आपल्या माळव्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे असे एक नाव त्या देणगीदारांत आहे. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी ५०० रुपये दिले. शिवाजीरावांची कारकीर्द अनेक कारणांनी वादग्रस्त ठरली, त्यांच्याविषयी इंदुरात चांगल्यापेक्षा विक्षिप्त आख्यायिकाच अधिक ऐकू येतात. हे पाचशे रुपये कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगितले.

आता त्या बागच्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पुष्कळ ठिकाणी असे छापलेले आढळते, की व्हिक्टोरिया राणीने स्वतः लक्ष घालून रखमाबाईंचा विवाह रद्द केला. ही गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. राणीने विवाह मोडला नाही, कोणत्याही न्यायालयाने मोडला नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी खर्चापोटी २००० रुपये स्वीकारले आणि हुकमाची बजावणी न करण्याचे मान्य केले. १८८९ साली त्यांनी दुसरे लग्न केले. कायद्याने त्यांना ती मोकळीक होतीच. रखमाबाई कायद्याच्या दृष्टीने विवाहितच राहिल्या. दुसऱ्या विवाहाची वाट त्यांच्यापुरती बंद झाली.

विद्यार्थिनींना मी हे सांगितले तेव्हा सभागृहातील बहुतेकजणी गप्प राहिल्या. बागकडील ती मुलगी मात्र लगेच म्हणाली, की म्हणजे झगडा तुटला. मी चकित झालो. पश्चिम माळव्यातील भिल्ल समाजात लग्नात वराकडून वधूपित्यास दापा देण्याची चाल आहे. बाईने नवऱ्याचे घर सोडले, दुसरे घर केले, तर पंच बसतात, पहिल्या नवऱ्याला द्यावयाची रक्कम ठरते, तिला झगडा म्हणतात; ती चुकती झाली की त्याचा हक्क संपतो. आमच्याकडील सुशिक्षित मंडळी या पद्धतीकडे मागासलेपणाचा नमुना म्हणून पाहतात. पण चार वर्षे, तीन निकाल आणि दोन खंडांतील वृत्तपत्रे एवढ्या प्रवासानंतर मुंबई उच्च न्यायालयासमोरील दावा जेथे येऊन थांबला, ते ठिकाण बागेच्या पंचांच्या ओट्यापासून फार दूर नव्हते. फरक असलाच तर तो उलट दिशेचा : पंचांपुढे झगडा तुटला की बाई दुसऱ्या घरात मोकळेपणाने नांदते, आणि पंचांजवळ तुरुंग नसतो. अर्थात या पद्धतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. झगड्याची रक्कम पुरुष मागतात, पुरुष ठरवितात आणि पुरुषच मोजून घेतात. त्या बाईला काय हवे हे विचारले जातेच असे नाही. त्या मुलीनेच हेही सांगितले. हा तपशील तिला कोठे वाचावा लागला नव्हता.

तडजोडीनंतर रखमाबाईंचे खरे काम सुरू झाले. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी उत्तेजन दिले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅकलॅरन आणि त्यांच्या पत्नी इव्हा यांनी त्यांना आधार दिला. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्यांनी अभ्यास केला, १८९४ साली वैद्यकीय पात्रता मिळविली, ब्रुसेल्सची एम.डी.ही घेतली. अकराव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी तिसाव्या वर्षी डॉक्टर होऊन परतली. हिंदुस्थानातील पहिली स्त्री डॉक्टर असे त्यांना कधी कधी म्हटले जाते, ते बरोबर नाही. बंगालच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधी व्यवसाय करू लागल्या होत्या. पहिलेपणाच्या किताबावाचून रखमाबाईंचे काही अडत नाही.

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिल्या. सुरत हे गाव स्त्रिया आणि कायदा यांच्या इतिहासात एका वेगळ्या कारणाने येते. १८८१ साली तेथील न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा दिली होती. ती पुढे सौम्य झाली. त्या प्रकरणी वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर उधळलेली मुक्ताफळे वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्याच शहरात चौदा वर्षांनी एक स्त्री डॉक्टर रुग्णालयाचा कारभार पाहू लागली. बाळंतपणे, पडद्यातील स्त्रियांचे दुखणे, प्लेगचे दिवस, हा त्यांचा नित्यक्रम. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, कारण केले ते रोजचे काम; आणि रोजच्या कामाला खटल्यासारखे बातमीदार लाभत नाहीत. १९१८ साली त्यांनी विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील जागा नाकारली आणि राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात काम पत्करले. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, त्या तेथेच होत्या. राजकोटला रेडक्रॉसची शाखाही त्यांनी स्थापन केली.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १९०४ साली दादाजी वारले. तेव्हापासून रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसण्यास सुरुवात केली. ज्या माणसाच्या घरात त्या एक दिवस राहिल्या नाहीत, ज्याच्यापायी तुरुंगात जाण्यास तयार झाल्या, त्याच्यासाठी पांढरे वस्त्र. कोणी यात शरणागती पाहील, कोणी रुग्णालयात येणाऱ्या सनातनी घरांतील बायकांना बिचकवू नये एवढाच व्यवहार. मी या प्रश्नावर अनेकदा विचार केला आहे. कायद्याने त्यांचे पत्नीत्व कधी काढून घेतले नव्हते. बहुधा त्यांनी ते आपल्या अटीवर, आपल्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढेच पाळले. याहून अधिक सांगण्याचे धाडस होत नाही.

निवृत्तीनंतर त्या मुंबईस राहिल्या. १९२९ मध्ये पडदा नाहीसा व्हावा या मागणीची पुस्तिका त्यांनी लिहिली. वय पासष्टीला टेकले होते आणि लेखणीचा विषय चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचाच होता, घरात कोंडलेली स्त्री.

त्यांच्या खटल्याने पेटलेला वाद पुढे संमतिवयाच्या कायद्यापर्यंत गेला. बंगालमध्ये फुलमणी दासी या कोवळ्या मुलीचा पतीच्या सहवासाने मृत्यू झाला, त्यानंतर १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर आणले गेले. गायकवाडांच्या बडोद्याने १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला, ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. वैवाहिक हक्कांच्या दाव्यातील कैदेची शिक्षा १९२३ मध्ये रद्द झाली. रखमाबाईंना तुरुंग दाखविणारी तरतूद नाहीशी होण्यास त्यांच्या खटल्यानंतर छत्तीस वर्षे लागली.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क प्रथमच मिळाला, द्विभार्या प्रतिबंध झाला. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र वैवाहिक हक्कांच्या पुनःप्रस्थापनेचा दावा कायम राहिला. चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉ. रखमाबाईंचे वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. कलम कागदावर आलेले त्यांनी पाहिले. इंग्लंडने १९७० मध्ये आपल्याकडचा तो दावा रद्द केला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नववे कलम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा न्यायमूर्ती चौधरी यांची विचारसरणी पिन्ही यांच्या विचारसरणीच्या पुष्कळ जवळ आली होती. आणि पिन्ही यांच्या निकालाचे जे झाले तेच याही निकालाचे झाले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले.

मोहिनी वर्दे यांनी मराठीत रखमाबाईंचे चरित्र लिहिले आहे. कार्यक्रम संपल्यावर बागकडील त्या मुलीने यांचे पुस्तक हिंदीत आहे का, असे विचारले. मी शोधून सांगतो म्हणालो. ग्रंथपालांकडे चौकशी केली. तोपर्यंत परीक्षा संपून ती गावी गेली होती.